फॉइलमधलं कार्ड

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला निघताना आत्यानं पर्समधून डेबिट कार्ड काढलं, शेंगापोळीसाठी आणलेल्या फॉइलचा तुकडा फाडला आणि कार्ड त्यात चारी बाजूंनी गुंडाळलं. "होम मैदानावर केवढी गर्दी असते. कुणी मशीन घेऊन नुसतं शेजारून गेलं तरी खात्यातले पैसे जातात म्हणे. ग्रुपवर व्हिडिओ आलाय की."

तिची काळजी मला खोटी वाटली नाही. फॉइलचा उपायही चालतो; धातूचा तेवढा पापुद्रा मध्ये आला की मशीनला कार्ड सापडतच नाही. पण त्या व्हिडिओमागचा समज चुकीचा आहे. कार्डातून सतत काहीतरी बाहेर पडत असतं आणि चोरानं ते नुसतं पकडायचं असतं, अशी बहुतेकांची कल्पना असते.

कार्डातून काहीही बाहेर पडत नाही. त्यात बॅटरीच नाही. हॉटेलच्या खोलीचं पांढरं कार्ड कधी हाती आलं तर मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून बघा. प्लास्टिक पातळ असेल तर आत कडेकडेनं फिरलेले तारेचे चार-पाच वेढे दिसतात आणि त्यांची टोकं एका चिमुकल्या चिपला जाऊन मिळतात. 'टॅप'च्या बँक कार्डातही हेच असतं. तारेचं वेटोळं म्हणजे अँटेना, चिप म्हणजे मेंदू आणि जोडीला त्या वेटोळ्याचा सूर ठरावीक कंपनाशी जुळवणारा कपॅसिटर. दुकानातल्या मशीनमध्येही वेटोळं असतं, फक्त त्याला वीज असते. मशीन आपल्या वेटोळ्यात सेकंदाला 1 कोटी 35 लाख 60 हजार वेळा, म्हणजे 13.56 मेगाहर्ट्झनं, वीज पुढे-मागे खेळवत राहतं. त्यानं भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कार्ड त्यात आलं की त्याच्या तारेत आपोआप वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर चिप जागी होते. हा फॅरेडेनं 1831 साली दाखवलेला नियम. गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्येही तोच काम करतो.

मग कार्ड उत्तर कसं देतं? घरात मिक्सर लावला की दिवा क्षणभर मंदावतो ना, तसं. चिप आपल्यावरचा भार चालू-बंद करते आणि मशीनला स्वतःच्या वेटोळ्यात तो हलकासा चढउतार जाणवतो. त्या चढउतारांची भाषा मशीन वाचतं. मला या सगळ्या तंत्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. कार्ड ओरडून काही सांगत नाही, फक्त समोरच्याची वीज कमी-जास्त ओढतं.

म्हणूनच हे फक्त जवळून चालतं. वेटोळ्यापासून जरा दूर गेलं की अंतर दुप्पट होताच क्षेत्राची ताकद आठव्या हिश्श्यावर येते. व्यवहारात चार सेंटिमीटरच्या आतच काम होतं. नोकिया, फिलिप्स आणि सोनी यांनी 2004 मध्ये एनएफसी फोरम स्थापन केला. एनएफसी म्हणजे निअर फील्ड कम्युनिकेशन, आणि यातलं 'निअर' शब्दशः घ्यायचं.

आता गर्दीतला चोर. पर्सला मशीन अगदी चिकटवलं तर व्यवहार होणं अशक्य नाही, हे मान्य करायला हवं. पण आत दोन-तीन टॅप कार्डं एकत्र असली तर मशीन बहुधा गोंधळतं आणि एकच कार्ड दाखवा म्हणतं. शिवाय मशीन कागदपत्रं तपासून दिलेलं असतं आणि पैसे त्या दुकानदाराच्या बँक खात्यातच जातात. असा चोर आपलं नाव-गाव मागे ठेवून जाईल. आणि कार्डाची नक्कल? दर व्यवहाराला चिप एक नवा सांकेतिक आकडा बनवते, तो दुसऱ्यांदा चालत नाही. कार्डामागे छापलेला सीव्हीव्ही तर टॅपमधून जातच नाही.

"मग फास्टॅगचं काय? तो तर लांबूनच वाचतात," आत्यानं विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. पुण्याला जाताना सावळेश्वरच्या टोल नाक्यावर काच खाली न करताच पैसे कापले जातात. पण फास्टॅग हा एनएफसीचा चुलत भाऊ. तो 865 ते 867 मेगाहर्ट्झवर, खऱ्याखुऱ्या रेडिओ लहरींवर चालतो, म्हणून काही मीटरवरून वाचता येतो. 2022 मध्ये काच पुसणारा मुलगा मनगटावरच्या घड्याळानं फास्टॅगमधले पैसे काढतो, असा व्हिडिओ देशभर फिरला होता. तो खोटा होता. फास्टॅगचे पैसे नोंदणी केलेल्या टोल-पार्किंगवाल्यांकडेच जातात, कुणा व्यक्तीच्या खात्यात जात नाहीत, असा खुलासा तेव्हा राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं केला.

नव्या पेठेतल्या दुकानात "पैसे मिळाले" असं बोलणाऱ्या डब्यालाही लोक एनएफसी समजतात. नुसतं क्यूआरचं पेमेंट सांगणाऱ्या त्या डब्यात सिमकार्ड असतं आणि निरोप मोबाइल नेटवर्कवरून येतो. क्यूआर तर निव्वळ चित्र, ते कॅमेरा वाचतो.

फोनचं थोडं वेगळं. स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा एनएफसी नसतंच, त्यामुळे टॅप होत नाही म्हणून दुकानदाराशी वाद घालण्याआधी सेटिंगमध्ये पाहावं. ज्यात असतं त्यात पाठीच्या कव्हरखाली, पुष्कळदा कॅमेऱ्याजवळ, चपटं वेटोळं असतं आणि त्यामागे फेराइटचा पातळ थर. तो नसता तर बॅटरीच्या धातूनं क्षेत्र गिळून टाकलं असतं. फोनची भलती बाजू मशीनला लावली की टॅप होत नाही, आणि आपण मशीनला नावं ठेवतो. काही वर्षांपूर्वी सॅमसंगच्या बॅटरीवरचं स्टिकर सोलून "ही बघा हेरगिरीची चिप" असं दाखवणारे व्हिडिओ आले होते. ते स्टिकर म्हणजे हाच एनएफसीचा अँटेना. ज्यांनी तो सोलला, त्यांच्या फोनचं एनएफसी तेवढं बंद पडलं.

खरी काळजी करावी अशी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्यावर व्हिडिओ निघत नाहीत. कार्ड हरवलं तर ते ज्याला सापडेल तो पिनशिवाय टॅप करू शकतो. रिझर्व्ह बँकेनं 1 जानेवारी 2021 पासून पिनशिवाय टॅपची मर्यादा एका व्यवहाराला 2,000 वरून 5,000 रुपये केली. पण 2020 च्या नियमांनी टॅप सुरू-बंद करायची आणि त्याची मर्यादा खाली आणायची मुभाही ग्राहकाला दिलेली आहे, आणि नवं कार्ड देताना टॅप बंदच असायला हवं. कार्ड हरवल्याबरोबर बँकेला कळवायचं, कारण 2017 च्या परिपत्रकानुसार कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेनं सोसायचं असतं. तक्रारीचा क्रमांक मात्र लिहून ठेवायचा.

हे सगळं ऐकून आत्यानं चष्मा लावला आणि बँकेचं अ‍ॅप उघडलं. तिचं टॅप सुरू होतं, मर्यादा पुरी 5,000. मी तिला खूण दाखवली, तिनं स्वतःच्या बोटानं आकडा 500 वर आणला. मग विचारलं, "दुकानदारानं 50 च्या जागी 500 टाकले तर?" त्याला उपाय डोळ्यांचा, आधी मशीनवरचा आकडा वाचायचा, मग कार्ड लावायचं.

गड्ड्यावर सगळी खरेदी रोखीनंच झाली. पण परतताना औषधाच्या दुकानात तिनं कार्ड काढलं. फॉइल नव्हतं. "थांबा हो," म्हणत मशीन स्वतःकडे वळवून घेतलं, आकडा मोठ्यानं वाचला आणि मगच कार्ड टेकवलं.