दिवा लख्ख, सेल्फ गप्प

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर उमरग्याच्या आसपास, ऊसवाहतुकीच्या दिवसांत हे दृश्य काही नवे नाही. ट्रॉलीला जोडलेला ट्रॅक्टर उभा आहे. चालक किल्ली फिरवतो, 'टक्' असा आवाज येतो, पण इंजिन फिरत नाही. पुढचे दिवे मात्र लख्ख लागतात. जमलेल्या मंडळींचे निदान तयारच असते, "बॅटरी बसली, नवी घ्या!" काही हजार रुपये खर्चून नवी बॅटरी बसवावी, तर कधी कधी पुन्हा तोच 'टक्'.

असे का होते? याचे उत्तर आपण वर्गात शिकवतो त्या ओहमच्या नियमात आहे.

बॅटरी पूर्ण भारलेली असेल तर तिच्या सहा घरांचे मिळून सुमारे १२.६ व्होल्ट भरतात. ६० वॅटच्या दिव्याला साधारण ५ अँपिअर धारा पुरते. डिझेल इंजिन फिरवणाऱ्या सेल्फला, म्हणजे स्टार्टर मोटरला, मात्र १५० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक लागतात. आता समजा, बॅटरी आणि सेल्फ यांच्यामधल्या एखाद्या सांध्यावर पांढरट-हिरवी भुकटी साचली आणि तेथे फक्त ०.०२ ओहम रोध वाढला. दिव्याच्या धारेने त्यावर ५ × ०.०२ = ०.१ व्होल्ट खर्च होतील. डोळ्यांना फरक कळणारही नाही. सेल्फच्या धारेने मात्र १५० × ०.०२ = ३ व्होल्ट तेथेच संपतील. शिवाय ३ × १५० = ४५० वॅट इतकी उष्णता त्या सांध्यात निर्माण होईल. म्हणूनच जाणता मिस्त्री सेल्फ मारून झाल्यावर सांधे हाताने चाचपतो. जो तापला तो दोषी!

धारा वाहत नसताना रोधावर विभवांतर पडतच नाही. म्हणून इंजिन बंद असताना मल्टिमीटर १२.६ दाखवतो, आणि आपण फसतो. मोजमाप किल्ली फिरवत असतानाच घ्यायला हवे. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून मदतनिसाला चार-पाच सेकंद किल्ली फिरवायला सांगावे आणि तीन ठिकाणी मोजावे.

१. बॅटरीच्या शिशाच्या दोन खुंटांवर : साधारण ९.६ व्होल्टच्या खाली गेले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचा अंतर्गत रोध वाढला आहे.

२. धन खुंट आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यामध्ये.

३. ऋण खुंट आणि इंजिनचा ठोकळा यांच्यामध्ये.

शेवटची दोन मापे अर्ध्या व्होल्टच्या आत हवीत. जास्त आली, तर दोष त्याच वाटेवर आहे. टोके क्लॅम्पवर न टेकवता खुंटांवरच टेकवावीत. नाहीतर नेमका बिघडलेला सांधा मापातून सुटतो.

उमरग्यापासून समुद्र दूर आहे. पण हर्णैच्या बंदरात जुन्या इंजिनाच्या मच्छीमार होडीवरही हेच कोडे पडते. ट्रॅक्टरमध्ये परतीची वाट लोखंडी सांगाड्यातून जाते. होडीचे लाकूड किंवा फायबर वीज वाहून नेत नाही, म्हणून परतीसाठीही तार लागते आणि सांधे वाढतात. खारी हवा तारेच्या आवरणाखाली शिरून तांबे हिरवे करते. सुकाणूजवळची किल्ली इंजिनापासून लांब असते. तिच्याकडून सोलेनॉइडकडे जाणाऱ्या बारीक तारेच्या प्लगमध्ये गंज धरला, तर 'टक्'सुद्धा ऐकू येत नाही. मापण्याची रीत मात्र तीच.

दोष सापडल्यावर प्रथम ऋण टोक सोडवावे. सांधा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून घासावा, घट्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ काडी पेटवू नये. पाना दोन्ही खुंटांना एकाच वेळी टेकू देऊ नये.

वर्गात हा प्रयोग सहज करता येतो. दोन टॉर्च सेल, खेळण्यातली मोटर, लाल एलईडी आणि त्याला जोडून १०० ओहमचा रोधक घ्या. परिपथात दोन्ही बाजूंनी तासलेली पेन्सिल हा 'गंजलेला सांधा' म्हणून जोडा. एलईडी लागतो, त्याच्या जागी मोटर जोडली, तर ती फिरत नाही किंवा रेंगाळते. पेन्सिलीच्या दोन टोकांमधले विभवांतर दोन्ही वेळा मोजायला सांगा. सेल बदलण्याआधी सांधा तपासावा, हे मग मुले स्वतःच सांगतील.