शोगुनांचा जपान: ओलिसांवर उभी राहिलेली शांतता

सन १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई जिंकून तोकुगावा इएयासूने जपानची सत्ता हाती घेतली आणि १६०३ मध्ये तो शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, झाला. त्याच्या घराण्याने १८६७ पर्यंत राज्य केलं. त्याआधी शतकभर आपसांत लढणाऱ्या सरदारांना या घराण्याने अडीच शतकं शांत ठेवलं, ते कसं?

सम्राट क्योतोत, सत्ता एदोत

सम्राट क्योतोतच राहिला. शोगुनपदाची वस्त्रं तोच देई, पण कारभार एदोतून, म्हणजे आजच्या तोक्योतून, चाले. देश सुमारे अडीचशे दाइम्योंमध्ये, म्हणजे संस्थानिकांमध्ये, विभागलेला होता. त्यांचा कर, न्याय आणि फौज त्यांच्याच हाती असे. शोगुन त्यांच्याकडून नियमित सारा घेत नसे. मग त्यांना मुठीत ठेवायचं कशाने?

एक वर्ष गावी, एक वर्ष एदोत

मला या राज्यव्यवस्थेचा खरा कणा इथे दिसतो. तिसरा शोगुन इएमित्सू याने १६३५ मध्ये नियम पक्का केला. बहुतेक दाइम्योंनी एक वर्ष आपल्या मुलखात काढायचं आणि पुढचं वर्ष एदोत. बायको आणि वारस मुलगा मात्र कायम एदोतच. नाव काहीही दिलं, तरी ते ओलीसच होते.

क्योतो-एदो रस्त्यावरच्या नाक्यांवर दोन गोष्टींवर डोळा असे: एदोकडे येणाऱ्या बंदुका आणि एदोबाहेर पडणाऱ्या बायका. बाईच्या परवान्यात तिच्या खाणाखुणा लिहिलेल्या असत. नाक्यावरची तपासनीस बाई तिचे केस सोडून त्या पडताळून पाही. दाइम्योची बायको वेषांतर करून निसटली तर बंड जवळ आलं, असाच अर्थ लावला जाई.

खर्च सरदारांचा, भरभराट बाजाराची

कानाझावाच्या माएदा घराण्याचा लवाजमा दोन हजारांच्या वर माणसांचा असे आणि एदो गाठायला त्याला बारा-तेरा दिवस लागत. शिवाय एदोत वाडे, नोकर, नजराणे. संस्थानांचं उत्पन्न त्यात आटत गेलं. त्या पैशावर रस्त्यांवरची मुक्कामाची गावं वाढली आणि अठराव्या शतकात एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली.

समाजाच्या उतरंडीत सामुराई, म्हणजे लढवय्ये, वर, मग शेतकरी, कारागीर आणि तळाला व्यापारी. प्रत्यक्षात सामुराईला पगार तांदळात मिळे. तो विकून रोकड घ्यायची, तर व्यापाऱ्याचंच दार गाठावं लागे. ओसाकाच्या दोजिमा बाजारात तांदळाचे वायदेही होत. १७३० मध्ये सरकारने त्यांना मान्यता दिली. कर्जात बुडालेला सामुराई पुढे नेहमीचाच झाला. या सगळ्याचा भार शेवटी शेतकऱ्यावर पडे, हे विसरून त्या काळच्या शांततेचं कौतुक करता येत नाही.

बंद दारं

फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५४९ मध्ये जपानला पोहोचला होता. त्याने रुजवलेला ख्रिस्ती धर्म शोगुनांनी पुढे मोडून काढला. ख्रिस्ती नसल्याचा पुरावा म्हणून प्रत्येक कुटुंबाला बौद्ध देवळात नाव नोंदवावं लागे. युरोपीयांपैकी फक्त डचांना नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर व्यापाराची मुभा होती.

ओलीस सुटले

१८५३ मध्ये ही दारं उघडायला लावण्यासाठी अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी युद्धनौका घेऊन आला आणि शोगुनाची जरब ओसरू लागली. १८६२ मध्ये एदोची हजेरी तीन वर्षांतून एकदा, तीही शंभर दिवसांची झाली आणि दाइम्योंच्या कुटुंबांना घरी जायची परवानगी मिळाली. पाचच वर्षांनी शेवटचा शोगुन योशिनोबू याने सत्ता सम्राटाला परत केली.