तबकडी, पण तिळाची!

मंडळी, २७ जून म्हणजे राहुल देव बर्मन ऊर्फ पंचमदांचा जन्मदिवस. जन्म १९३९ चा, कोलकात्याचा. ४ जानेवारी १९९४ ला ते गेले. पुण्यात त्यांचे भक्त इतके कट्टर, की या दोन्ही तारखांना इथे त्यांच्या गाण्यांचे कार्यक्रम होत आलेत. आणि आपण होस्टेलवाले काय करतो? फोटो छापलेला केक मागवतो, अर्धा एकमेकांच्या तोंडाला फासतो आणि स्पीकर फुल्ल करतो. संपला बर्थडे!

आमच्या आजीला तर हे मुळातच मान्य नाही. ती म्हणते, "अगं, गेलेल्या माणसाचा वाढदिवस नसतो, जयंती असते. आणि जयंतीला कोणी केक कापत नाही." मी कॉन्व्हेंटमधली, माझ्यासाठी बर्थडे म्हणजे केकच. पण मुद्दा बिनतोड होता. म्हणून कान्ह्याच्या आमच्या घरी गेली दोन वर्षं २७ जूनला चिक्की होते. कान्ह्याहून कामशेत, मळवली आणि मग लोणावळाच. घाटातल्या रेल्वेच्या मजुरांसाठी गुडदाणी विकत त्यातूनच पुढे चिक्की झाली असं तिथे सांगतात. तेव्हा आमच्या भागात दुसरं काही करणं शोभलंही नसतं.

पण चिक्कीचा आणि पंचमदांचा संबंध काय? सांगते. हा माणूस वाद्यांच्या दुकानात कमी आणि घरातच जास्त वाद्यं शोधायचा. 'पडोसन' (१९६८) मधल्या खिडकीच्या गाण्यात जो खर्रर्र आवाज आहे तो कंगव्याचा. 'यादों की बारात' (१९७३) मध्ये आशाबाईंचं गाणं सुरू होतं ते काचेच्या ग्लासवर चमचा वाजवून. 'शोले' (१९७५) मधल्या हेलनच्या गाण्यात बाटल्यांच्या तोंडावर फुंकर मारली आहे (बाटलीत पाणी वाढवलं की हवा कमी उरते आणि स्वर चढतो, मेसमध्ये करून बघा). ठेक्याची बाजू सांभाळायला मारुतीराव कीरांसारखे आपले मराठी वादक होतेच. अशा माणसाची जयंती विकतच्या क्रीमने करायची? ती घरच्या वस्तूंनी आणि कान उघडे ठेवूनच केली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कृती. आपण सात इंची, म्हणजे ४५ आरपीएमची छोटी तबकडी करणार. १०० ग्रॅम काळे तीळ आणि ८० ग्रॅम चिक्कीचा गूळ पुरतो. शेंगदाणे नकोत, पृष्ठभाग खडबडीत होतो. तीळ आधी मंद आचेवर भाजा. पांढरे तीळ रंगावरून कळतात, काळ्यांचं तसं नाही. तडतड ऐकायची. ती जोरात होऊन कमी व्हायला लागली की गॅस बंद.

खरी कसोटी पाकाची. गूळ उकळताना पाणी उडत जातं आणि तापमान चढत जातं. साधारण १५० अंश सेल्सिअसला पाकात जेमतेम एक टक्का पाणी उरतं. असा पाक झटकन थंड झाला की साखरेच्या रेणूंना रांगेत बसून स्फटिक करायला वेळच मिळत नाही, आणि शास्त्रीय अर्थाने त्याची काच होते. थर्मामीटर नको. थेंब गार पाण्यात टाका, मग तो उचलून स्टीलच्या वाटीत टाका. टण्ण वाजला तर झाला. 'थप्प' आवाज आला तर अजून थांबा. म्हणजे १९७३ सालचा ग्लास-चमचा आणि आपला पाक, दोन्हीकडे काचच वाजते!

पाकात तीळ आणि चिमूटभर लवंगी मिरचीची पूड घाला. पंचमदांना स्वयंपाकाचा भारी नाद, घरी मिरच्यांची रोपंसुद्धा वाढवायचे. गोळा तूप लावलेल्या पोळपाटावर लाटा, आणि आता खरी घाई: एक-दोन मिनिटांतच तो कडक होतो. तूप लावलेला नवा कोरा स्टीलचा कंगवा एका जागी धरायचा आणि पोळपाट फिरवायचा. रेकॉर्ड कापायचं यंत्रही असंच चालतं, तबकडी फिरते आणि सुई वर असते. खऱ्या तबकडीवर एका बाजूला एकच लांबलचक गोल गोल जाणारी खाच असते, आपल्या कंगव्याने सुटी वर्तुळं पडतात. तेवढं चालवून घ्या. मधलं भोक लहान झाकणाने पाडा. मधल्या लेबलसाठी खोबऱ्याची वडी लावायचा मोह होईल, लावू नका, वडीतलं पाणी चिक्कीत उतरतं. साखरेच्या पाकातली पांढऱ्या तिळाची पातळ चकती गरम असतानाच दाबून बसवा.

जूनअखेरीस मावळात भाताची लावणी तोंडावर आलेली असते, काडेपेटीसुद्धा पेटत नाही. गूळ हवेतलं पाणी ओढतो, त्यात साखरेपेक्षा जास्तच, आणि पाणी शिरलं की काचेचा पुन्हा चिकट पाक व्हायला लागतो. म्हणून तबकडी गार झाली की लगेच बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची, सोबत भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी. एवढं केलं की ती लोकलच्या गर्दीतून, धो धो पावसातून होस्टेलपर्यंत कडक पोचते. (रूमवर कॉइल लावून हा उद्योग करू नका. रेक्टर सर, मी सांगितलंय हं!)

सुरी लागत नाही. मधोमध चमच्याचा एक टोला द्यायचा आणि आवाज ऐकायचा. सगळे जमल्याशिवाय मात्र डबा उघडू नका. आमच्याकडच्या हवेत तिचा कडकपणा एका एलपीच्या दोन बाजूंएवढाच टिकतो, फार तर पाऊण तास.