कार्ड शाबूत, वाट बंद

संगणकाची प्रणाली अद्ययावत केल्यानंतर, आदल्या दिवसापर्यंत विनातक्रार चालणारा कार्ड रीडर एकाएकी निकामी झाल्यासारखा वाटतो. कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड त्यात घातले तरी पडद्यावर काही उमटत नाही, किंवा कार्ड वाचता येत नसल्याची सूचना येते, आणि बहुतेकांचा पहिला संशय कार्डावरच जातो. वस्तुतः कार्ड संगणकाला जोडलेले नसताना झालेल्या अद्ययावतीकरणाने त्यातील चित्रफितींना धक्का लागण्याचे काहीच कारण नसते. बदललेली असते ती कार्डापासून संपादनाच्या सॉफ्टवेअरपर्यंत माहिती पोहोचण्याची वाट. ती कोणत्या टप्प्यावर अडली आहे हे कळले की दुरुस्तीचे निम्मे काम झाले असे समजावे.

या वाटेचे ढोबळमानाने चार टप्पे पडतात. रीडर यूएसबीसारख्या जोडणीतून संगणकाला दिसणे हा पहिला, त्या रीडरशी बोलणारे ड्रायव्हर नावाचे छोटे सॉफ्टवेअर प्रणालीत कार्यरत होणे हा दुसरा, कार्डावरील फायलींची मांडणी प्रणालीला उमगणे हा तिसरा, आणि त्या फायली उघडण्याची परवानगी व क्षमता संपादनाच्या सॉफ्टवेअरजवळ असणे हा चौथा. बाहेरून पाहणाऱ्याला चारही ठिकाणचे बिघाड जवळजवळ सारखेच दिसतात, उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो.

साध्या एसडी कार्डाच्या यूएसबी रीडरला सहसा स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही, कारण असे रीडर साठवण उपकरणांसाठी ठरवून दिलेल्या सर्वमान्य नियमावलीनुसार बोलतात आणि त्या नियमावलीचा ड्रायव्हर प्रत्येक प्रचलित प्रणालीत मुळातच असतो. व्यावसायिक चित्रीकरणातील कार्डांची गोष्ट निराळी आहे. पॅनासॉनिकने 2004 मध्ये बाजारात आणलेले पी-टू कार्ड त्या काळच्या लॅपटॉपमधील पीसी कार्डाच्या खाचेत बसत असे, तर सोनी आणि सॅनडिस्क यांनी 2007 मध्ये जाहीर केलेले एसएक्सएस कार्ड एक्सप्रेसकार्डाच्या खाचेसाठी बनवलेले होते. दोन्ही कार्डे संगणकाच्या अंतर्गत माहितीवाहिनीला थेट जोडली जात, त्यामुळे ती ओळखण्यासाठी उत्पादकाचाच ड्रायव्हर बसवावा लागे. पुढे लॅपटॉपमधून या खाचा नाहीशा झाल्या आणि त्यांची जागा बाहेरून जोडायच्या रीडरनी घेतली, तरी त्यांपैकी अनेकांचे उत्पादकाच्या ड्रायव्हरवरचे अवलंबित्व संपले नाही.

नेमक्या याच टप्प्यावर अद्ययावतीकरणाचा सर्वाधिक फटका बसतो. असे ड्रायव्हर बहुधा प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात, आणि तेथे एका ड्रायव्हरची चूक सबंध संगणक बंद पाडू शकते किंवा घुसखोराला दार उघडून देऊ शकते. म्हणून गेल्या दोन दशकांत प्रणाली बनवणाऱ्या कंपन्यांनी या गाभ्याचे प्रवेशनियम टप्प्याटप्प्याने कडक केले. विंडोज व्हिस्टाच्या 64 बिट आवृत्तीत डिजिटल स्वाक्षरी नसलेल्या कर्नल ड्रायव्हरना मज्जाव झाला, आणि 2016 च्या विंडोज 10 आवृत्ती 1607 पासून नव्या कर्नल ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टचीच स्वाक्षरी असण्याची अट आली. ॲपलने 2017 च्या हाय सिएरा आवृत्तीत बाहेरच्या कर्नल विस्तारांसाठी वापरकर्त्याची संमती आवश्यक केली, 2019 च्या कॅटालिनात 32 बिट सॉफ्टवेअर पूर्णपणे बंद केले आणि कर्नल विस्तारांऐवजी गाभ्याबाहेर चालणाऱ्या ड्रायव्हरची नवी व्यवस्था आणली. 2020 पासूनच्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवरील संगणकांत तर जुना विस्तार चालवायचा झाल्यास रिकव्हरी अवस्थेत जाऊन सुरक्षेची पातळी खाली आणावी लागते. उत्पादकाने ड्रायव्हर वेळोवेळी सुधारला नसेल तर कार्ड, रीडर आणि केबल सर्व ठणठणीत असूनही प्रणाली त्या ड्रायव्हरला दारातच अडवते.

दोष पहिल्या टप्प्यात आहे की दुसऱ्या, हे पाहण्याची सोय संगणकातच असते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये रीडरच्या नावापुढे पिवळा त्रिकोण असेल तर त्यावर दोनदा क्लिक केल्यावर दिसणारा सांकेतिक क्रमांक बरेच काही सांगतो: 28 म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही, तर 52 म्हणजे ड्रायव्हरची स्वाक्षरी पडताळता आली नाही. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमधील यूएसबीच्या यादीत रीडर दिसतो का हे पाहावे. यादीत नावच नसेल तर हब काढून रीडर थेट संगणकाला जोडावा आणि केबल बदलून पाहावी. ॲपलच्या चिपवरील लॅपटॉपमध्ये 2022 च्या व्हेंचुरापासून नवे उपकरण जोडताना परवानगी विचारली जाते, ती नाकारली गेली नाही ना, याचीही खात्री करावी. नाव दिसत असूनही कार्ड उघडत नसेल, तर अडथळा पुढच्या टप्प्यांवर आहे.

तिसरा टप्पा फाइल प्रणालीचा, म्हणजे कार्डावर कोणती फाइल कोठे सुरू होते आणि कोठे संपते याची नोंद ठेवण्याच्या पद्धतीचा. 32 जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डांवर वापरली जाणारी फॅट32 ही पद्धत 4 जीबीहून मोठी फाइल साठवू शकत नाही, आणि दीर्घ चित्रीकरणात ही मर्यादा आडवी येते. म्हणून 2009 मध्ये आलेल्या एसडीएक्ससी कार्डांसाठी एक्सफॅट पद्धत निवडली गेली. तिची पूर्ण माहिती मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये खुली केल्यानंतरच लिनक्सच्या 5.4 या आवृत्तीच्या गाभ्यात तिला स्थान मिळाले. काही व्यावसायिक कॅमेरे यूडीएफ नावाची तिसरीच पद्धत वापरतात आणि तिच्यासाठी उत्पादकाचे वेगळे सॉफ्टवेअर लागू शकते. अद्ययावतीकरणानंतर ते चालेनासे झाले की कार्ड कोरे किंवा बिघडलेले भासते.

सर्वांत मोठा धोका येथेच आहे. मांडणी न उमगल्यास विंडोज कार्ड वापरण्यापूर्वी फॉरमॅट करण्याचा सल्ला देते, तर मॅकवर कार्ड वाचता येत नसल्याच्या सूचनेखाली ‘इनिशियलाइझ’, ‘इग्नोर’ आणि ‘इजेक्ट’ अशी तीन बटणे येतात. विंडोजचा सल्ला मानला किंवा यांतील पहिल्या बटणाच्या वाटेने जाऊन कार्ड पुसले, तर कार्डावरील नोंदवही जाऊन नवी कोरी वही उघडते, आणि नोंदी गेल्या की चित्रफिती शोधून काढणे तज्ज्ञांनाही जिकिरीचे होते. येथे ‘इजेक्ट’ हेच योग्य उत्तर होय. कार्ड बाहेर काढून कॅमेऱ्यात घालावे आणि चित्रफिती दिसतात का ते पाहावे. त्या दिसल्या तर कार्ड निर्दोष आहे हे सिद्ध होते, आणि अनेक कॅमेरे यूएसबी केबलने थेट संगणकाला जोडता येत असल्याने रीडरला वळसा घालून नक्कलही करता येते.

चौथ्या टप्प्यावरचा अडथळा अधिक फसवा असतो, कारण कार्ड मॅकच्या फाइंडरमध्ये नीट दिसते पण संपादनाच्या सॉफ्टवेअरला ते रिकामे वाटते. कॅटालिनापासून काढता-घालता येणाऱ्या साठवणीत डोकावण्यासाठी प्रत्येक सॉफ्टवेअरला परवानगी घ्यावी लागते, आणि घाईत ती नाकारली गेली असल्यास गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा द्यावी लागते. याशिवाय पी-टू कार्डावर ‘कंटेंट्स’ नावाच्या फोल्डरात चित्र आणि ध्वनी यांच्या फायली वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात आणि त्यांची सांगड घालणारी माहिती तिसऱ्याच कप्प्यात असते. त्यामुळे केवळ चित्राच्या फायली उचलून आणल्यास आवाज मागेच राहतो. नक्कल करताना सबंध फोल्डर त्याच्या मूळ रचनेसह उचलणे हाच यावरचा उपाय आहे.

व्यावसायिक चित्रीकरण करणाऱ्यांनी प्रणाली अद्ययावत करण्यापूर्वी रीडरच्या उत्पादकाने त्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर दिला आहे का हे तपासावे, हाती घेतलेले काम पूर्ण होईपर्यंत मोठे अद्ययावतीकरण लांबणीवर टाकावे आणि जुन्या कार्डांसाठी जुन्या प्रणालीवरचा एक संगणक राखून ठेवावा. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र कायमच्या टाळू नयेत, कारण जुनी प्रणाली इंटरनेटवर उघडी ठेवणे हे रीडर बंद पडण्याहून महाग पडते. आणि चित्रफितींच्या दोन नकला दोन वेगळ्या डिस्कवर पोहोचून उघडून पाहिल्याखेरीज कोणतेही कार्ड कोणत्याही सूचनेवरून फॉरमॅट करू नये.