मुलांच्या आहाराचा रोजमेळ

‘मूल काहीच खात नाही’ ही तक्रार घरोघरी असते. पण नोंदीविना काढलेला निष्कर्ष रोजमेळाविना मांडलेल्या ताळेबंदासारखाच होय. ड्यूटेरियम व ऑक्सिजन-१८ युक्त पाणी देऊन शरीराची ऊर्जाखपत मोजता येते; आहारनोंदीची अचूकता तिच्याशी ताडून ठरते. २०१० मधील एका आढाव्यानुसार ४ ते ११ वर्षांच्या मुलांबाबत, सुट्टीचा दिवस धरून किमान ३ दिवस, मागील २४ तासांचा आहार पालकांना टप्प्याटप्प्याने विचारणे सर्वांत अचूक ठरले. किशोरवयीन मुले मात्र अनेकदा खाल्लेले कमी सांगतात. घराबाहेरचे खाणे नोंदीतून निसटते. म्हणून डॉक्टरांना नोंद देताना पर्युषणातील उपवासाचे दिवस वेगळे दाखवावेत आणि मुलांना न रागावता विचारावे. धाकापोटी मूल खरे सांगत नाही, व उपचाराचा पायाच चुकतो.