गणित लूपबाहेर कधी न्यावे?

प्रोग्रामचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा कंपायलर कोणती आकडेमोड कोठे करावी, याचाही निवाडा करतो. लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या आज्ञांच्या, प्रत्येक फेरीत ‘अ × ब’ची किंमत तीच येत असेल, तर तो गुणाकार लूपच्या आधी एकदाच उरकण्यास कोड मोशन म्हणतात, मात्र भागाकार असाच बाहेर काढला आणि लूप एकदाही फिरला नाही, तर मूळ प्रोग्रामने कधीच न केलेला शून्याने भागाकार घडू शकतो.

मोरेल आणि रेनव्हाज या संशोधकांनी १९७९ मध्ये मांडलेली या स्थलांतराची व्यापक पद्धत आकडेमोड केवळ आज्ञांच्या गटांतच बसवत असे, त्यामुळे काही पुनरुक्ती तशीच राही. आयआयटी मुंबईचे धनंजय ढमढेरे यांनी आकडेमोड दोन गटांना जोडणाऱ्या वाटेवरही बसवण्याचा मार्ग दाखवला, आणि उदय खेडकर यांच्यासह १९९४ मध्ये अशा स्थलांतरासाठी लागणाऱ्या, प्रोग्राम पुढून व मागून अशा दोन्ही दिशांनी तपासणाऱ्या विश्लेषणाचा सर्वसाधारण सिद्धांत मांडला. महाराष्ट्रात झालेले हे मूलभूत काम अभ्यासकांबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

गणित बाहेर नेण्याचा उपयोग व्हेक्टर आज्ञांसाठीही होतो. व्हेक्टर आज्ञा एकाच वेळी अनेक संख्यांवर तीच क्रिया करते. २५६ बिटांच्या रजिस्टरमध्ये ३२ बिटांच्या आठ संख्या मावतात. अपरिवर्तनीय गणित व अटी आधीच बाहेर गेल्यास लूपचे अशा आज्ञांत रूपांतर सुकर होते. तरीही दशांश संख्यांच्या बेरजेचा क्रम बदलल्यास उत्तर किंचित बदलू शकते, म्हणून स्पष्ट परवानगीवाचून जीसीसी हा कंपायलर तशी बेरीज व्हेक्टरमध्ये विभागत नाही.