गांधीलमाश्यांची राणी कशी ओळखायची?

भवानीनगरच्या बाजूला गोठ्याच्या पत्र्याखाली, खिडकीच्या चौकटीला गांधीलमाश्यांची राखाडी, कागदी पोळी दिसतात. लगेच पेटवू नका, आधी लांबूनच बघा.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांच्या चमूने माश्यांना रंगाचे ठिपके दिले आणि कोण कुणाला दमात घेतं ते टिपलं. माशी म्हणजे बिंदू, दमदाटी म्हणजे रेघ. झालं जाळं तयार. रोपालिडिया सायथिफॉर्मिस या जातीची राणी दांडगी. पण रोपालिडिया मार्जिनाटाची? अगदीच गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात! तरी अंडी तीच घालते. तिला उचललं की काही मिनिटांत एक कामकरी माशी भयंकर आक्रमक होते. पुढची राणी बहुधा तीच. 2009 च्या शोधनिबंधात तर ही जाळी चक्क शाळेच्या वर्गांशी ताडून पाहिलीत!